गादी सरकली

(पारोळा येथे तरुण साथींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसं उतरवलं आहे. दोनचार ठिकाणी वाक्यं सरळ केली, बाकी हात लावलेला नाही.)

मला कविता वाचायला बोलावलं होतं. कविता आणलेली नाही. ही फिल्म आणली आहे. एमआरआय म्हणतात. मागच्यांना इथून दिसायची नाही, म्हणून हातोहात फिरवा, उजेडाकडं धरून बघा. चहाचा कप तिच्यावर ठेवू नका, दहा दिवसांची मजुरी गेली आहे तिच्यात.

कमरेचे मणके एकाखाली एक दिसतात. मधल्या पट्ट्या म्हणजे गाद्या. वरच्या पांढुरक्या आहेत, ओल्या. आता खालून दुसरी बघा. काळी पडली आहे आणि मागच्या नळीत पोट काढून बसली आहे. ती माझी. वय वर्षं सव्वीस, शिक्षण मॅट्रिक, धंदा मुंबईच्या गोदीत कंत्राटी हमाली.

आपल्याकडं म्हणतात, गादी सरकली. शब्द भारी आहे. गादी व्यापाऱ्याची असते, महाराजाची असते, पुढाऱ्याची असते. त्या गाद्या बापाकडून पोराकडं जातात, कधी सरकत नाहीत. आमच्या वाट्याला बोटभर जाडीची गादी आली आणि तीच नेमकी सरकते.

कशी सरकली ते सांगतो. पहिली पाळी. साखरेची पन्नास किलोची गोणी, थप्पीच्या तळाची. वाकलो, आकडा लावला, ओढली आणि तसाच वळलो. लोक सांगतात कट्‌ असा आवाज येतो. मला काही ऐकू आलं नाही. डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कुणीतरी गरम इस्त्री फिरवली एवढंच कळलं. चार दिवसांनी डाव्या पायातली चप्पल गळायला लागली. अंगठा वर उचलत नव्हता. मी चालतोय आणि चप्पल मागं राहतेय. टोळीतली पोरं हसली, मीही हसलो.

मग डॉक्टर, मग ही फिल्म, मग कागद. कागदावर दोन गोष्टी होत्या. एक, चौथ्या आणि पाचव्या मणक्यातली गादी फुटून शीर दाबतेय. दोन, पाचवा मणका एका बाजूनं खालच्या हाडाला चिकटलेला आहे, जन्मजात. कंत्राटदाराच्या माणसानं पहिली ओळ वाचलीच नाही. दुसरीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "जन्मजात है, इसमें हम क्या करेगा?"

जन्मजात. हा शब्द आपल्याला नवा आहे का दोस्तहो? शाळेत मागं का बसवलं, जन्मजात. पाणी वरून का वाढलं, जन्मजात. आता कंबर का मोडली, तर तीही जन्मजात. साला माझं डोकं फिरलं. पण मी विचार केला, नुसतं डोकं फिरवून भागणार नाही. हा माणूस खोटं बोलतोय की खरं, की अर्धं खरं, ते आधी समजून घ्यावं लागेल. आपला एक साथी डॉक्टरी शिकतो. त्याच्याकडं प्लास्टिकचा कणा आहे. तो मांडीवर घेऊन मी दोन महिने बसलो. पडून राहण्याशिवाय दुसरं काम नव्हतंच.

तर ऐका. पाठीच्या कण्यात हलणारे मणके चोवीस. मानेत सात, छातीमागं बारा, कमरेत पाच. त्याच्या खाली पाच मणके एकमेकांत मुरून झालेलं तिकोनी हाड, पुस्तकात त्याला त्रिकास्थी म्हणतात, आणि शेवटी माकडहाड. कमरेचे पाच मणके सगळ्यांत जाड आहेत. कारण डोकं, हात, छाती आणि डोक्यावर ठेवाल ती गोणी, सगळं त्यांच्यावर उतरतं.

दोन मणक्यांमधली गादी कापसाची नाही. ती कांद्यासारखी आहे. बाहेरून पापुद्र्यावर पापुद्रा, पंधरा ते पंचवीस. एका पापुद्र्याचे धागे डावीकडं तिरके, त्याच्या आतल्याचे उजवीकडं, बाजेच्या सुंभासारखे. आणि मधोमध ओला गर. तरुणपणी त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, वयानं ते आटत जातं. वरून दाब आला की गर चहूबाजूला ढकलतो आणि पापुद्रे त्याला धरून ठेवतात. हे धरणं सुटलं, पापुद्रे चिरले, गर चिरेतून मागं आला, की गादी सरकली. म्हणजे ती अख्खी जागची हलत नाही, फुटते. गादीच्या आतल्या भागाला रक्ताची नळी नाही. तिचं खाणं वरखालच्या हाडातून पाझरून येतं. म्हणून चामडीची जखम आठ दिवसांत भरते आणि गादीची चीर वर्ष वर्ष भरत नाही.

अजून एक गोष्ट, ही मला सगळ्यांत जास्त लागली. रात्री आपण आडवे झालो की गादी पाणी शोषून फुगते. म्हणून माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. फुगलेली गादी वाकायला ताठ असते. उठल्या उठल्या पहिल्या तासाभरात कंबर वाकवून वजन उचलणं सगळ्यांत वाईट. आणि गोदीत काय होतं? शेडमध्ये पोत्यावर आडवा झालेला माणूस मुकादमाच्या हाकेसरशी उठतो आणि डोळे चोळत गोणीला भिडतो. मी तसाच भिडलो होतो.

आता शेवटच्या दोनच गाद्या का फुटतात? कमरेत फुटणाऱ्या शंभर गाद्यांतल्या नव्वदच्या वर ह्या दोन. चौथ्या-पाचव्याच्या मधली, आणि पाचवा व त्रिकास्थी ह्यांच्या मधली. एक तर ओझं इथं सगळ्यांत जास्त. दुसरं, आपण वाकतो ते जास्त करून इथंच वाकतो. तिसरं म्हणजे त्रिकास्थीचा माथा सपाट नाही, पुढं उतरता आहे. उतरत्या जमिनीवर थप्पी लावून बघा. वरची गोणी पुढं घसरायला बघते, तसा पाचवा मणका कायम पुढं घसरायला बघतो. त्याला मागचे दोन छोटे सांधे आणि पट्टे धरून असतात. शिवाय कण्याच्या आतून, गाद्यांच्या पाठीमागून, एक लांब पट्टा वरून खाली येतो. तो वर रुंद आहे आणि कमरेच्या तळाशी अरुंद होतो. म्हणजे जिथं आधाराची सगळ्यांत जास्त गरज, तिथंच पट्टा अपुरा. गर मग मधून न येता पट्ट्याच्या बाजूनं येतो, आणि बाजूलाच पायाकडं जाणारी शीर असते.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याच्या खाली घोड्याच्या शेपटीसारखा शिरांचा झुबका लोंबतो. पाचवी शीर दबली की माझ्यासारखा अंगठा पडतो. तिच्या खालची दबली तर करंगळीकडची बाजू बधिर होते आणि चवड्यावर उभं राहता येत नाही. पाय दुखतो, पायात काही नसतं. पाय चोळून घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

ह्या कळेचं कारण फुटलेली गादी आहे हे १९३४ साली अमेरिकेत बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार ह्या दोन सर्जननी छापून दाखवलं. त्यानंतर साठ वर्षांनी ह्याच गावात माझ्या बापाची कंबर धरली. बाप बाजारात हमाल, तेव्हाची गोणी क्विंटलची. आजीनं काय केलं? पायाळू माणूस शोधून आणला. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. त्यानं बापाच्या कमरेला लाथ मारली. तीन वेळा. का? तर त्याच्या पायात जन्मजात गुण. बघा, दुखण्यालाही जन्म आणि औषधालाही जन्म. बाप पंधरा दिवसांनी उठला, आजीनं पायाळूला नारळ दिला. मला आता कळतं की बहुतेकांची कळ काही आठवड्यांत आपोआप उतरते. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू जिरवतं. लाथेचा संबंध नाही. बापाला हे सांगितलं तर म्हणतो, "आमना येळले निस्ती कंबर दुखे, गादी-बिदी काही नही व्हती."

पुराणवाल्यांनी विराट पुरुषाचा देह वाटून दिला. तोंडातून एक, बाहूतून एक, मांडीतून एक, पायातून एक. त्याच्या पाठीतून कुणी जन्मल्याचं लिहिलेलं नाही. त्याला पाठच नव्हती बहुतेक. ओझं उचलायची वेळ आली नाही ना कधी.

बरं, ओझ्याचं गणित करू. तराजू सगळ्यांना माहीत आहे. मधली गादी हा तराजूचा काटा. मागं पाठीचे स्नायू, काट्यापासून फार तर पाच सेंटिमीटरवर. पुढं गोणी. हात लांब करून वाकून उचलली तर ती चाळीस सेंटिमीटरवर. पन्नास किलोला तोलायला स्नायूंना आठपट ओढावं लागतं, म्हणजे चारशे किलो. त्यात गोणीचं वजन आणि कमरेवरच्या अंगाचं वजन मिळवा. पन्नासची गोणी आणि गादीवर साडेचारशेच्या वर! तीच गोणी पोटाशी कवटाळून वीस सेंटिमीटरवर आणली तर चारशेचे दोनशे होतात. अमेरिकेतल्या नायॉश नावाच्या सरकारी संस्थेनं ह्या दाबासाठी ३४०० न्यूटनची रेघ आखली, म्हणजे साधारण साडेतीनशे किलो. आणि १९९१ च्या सुधारित सूत्रात सगळं मनासारखं असेल तर, गोणी अंगाजवळ, वळणं नाही, उंची बेताची, तर २३ किलो धरले. तेवीस. आपल्याकडं तेवढं तर पोरी शेतातून डोक्यावर आणतात.

नुसत्या सरळ दाबानं गादी फुटत नाही, हेही ध्यानात घ्या. सरळ दाब फार झाला तर आधी हाडाचा पत्रा खचतो. १९८२ साली इंग्लंडात ॲडम्स आणि हटन ह्या दोघांनी मेलेल्या माणसांचे मणके यंत्रात घालून पाहिलं. पुढं वाकवून, बाजूला कलवून, मग दाब दिला तेव्हा गर मागून बाहेर आला. म्हणजे डोक्यावर गोणी घेऊन सरळ फळी चढणारा माणूस दिसायला भयंकर दिसतो, त्याची मान झिजते, गुडघे जातात, पण गादीचा खरा घात उचलताना आणि टाकताना. वाकणं, वळणं आणि ओझं एकदम.

आता कंत्राटदाराच्या शब्दाकडं येतो. जन्मजात. मी शोधलं, आणि तुम्हाला खोटं सांगणार नाही, त्यात तथ्य आहे.

माणसामाणसाची कंबर सारखी नसते. काहींचा पाचवा मणका माझ्यासारखा खालच्या हाडात अर्धामुर्धा मुरलेला असतो. मग त्याच्या खालची गादी हलत नाही, आणि वाकण्याचा सगळा भार वरच्या गादीवर पडतो. माझी फुटली ती हीच. काहींच्या त्रिकास्थीचा उतार जास्त असतो. काहींचे मागचे दोन सांधे एक इकडं तोंड करून, एक तिकडं. काहींची नळी जन्मतःच चिंचोळी, मग थोडासा गर आला तरी शीर चेंगरते. २०१५ साली काही संशोधकांनी जुन्या सांगाड्यांचे मणके मोजले. ज्यांच्या गाद्या वरखालच्या हाडात घुसल्या होत्या त्यांच्या मणक्यांचा आकार निरोगी माणसांपेक्षा चिंपांझीच्या जवळचा निघाला. दोन पायांवर उभं राहायला तो आकार कच्चा पडतो असं त्यांचं म्हणणं. हे वाचून मी टोळीत सांगितलं तर आठ दिवस पोरं मला केळी आणून देत होती.

आणि त्याहून पुढचं. १९९५ साली फिनलंडमधल्या ११५ जुळ्या भावांच्या जोड्यांचा अभ्यास छापून आला. एकसारखे जुळे, पण एकानं जड काम केलेलं, एकानं हलकं. निकाल असा की गादी झिजण्यात कामाचा वाटा फार थोडा, घराण्याचा वाटा खूप मोठा. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही. वाटलं, कंत्राटदार जिंकला.

मग सकाळी परत वाचलं. घराण्याचा वाटा म्हणजे काय काय? रक्त तर आहेच. पण एका घरात वाढणंही त्यातच मोजलेलं आहे. एकच जेवण, एकच अंगण. शिवाय मोजली ती फिल्मवरची झीज. पाय पडणं, चप्पल गळणं मोजलं नाही. आणि फिल्मवरचं किती खरं धरायचं? १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्तींच्या निदान एका गादीला फुगवटा होता. बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. माझा मणकाही सव्वीस वर्षं चिकटलेलाच होता. शाळेत मी लांब उडी मारली आहे. तेव्हा तो कुणाला आडवा आला नाही.

जर्मनीत उलटी बाजू तपासली. २००९ साली आलेल्या अभ्यासात गादी फुटलेल्या आणि न फुटलेल्या माणसांना विचारून त्यांनी जन्मभर किती उचललं, किती वेळ वाकून काढला, ह्याची बेरीज केली. बेरीज जितकी मोठी, तितकी गादी फुटायची शक्यता जास्त. बायकांतही, पुरुषांतही.

म्हणजे दोन्ही खरं आहे. हाड बापाकडून येतं. पण दोस्तहो, माझ्या बापानं मला नुसतं हाड दिलं का? आजा हमाल, बाप हमाल, मी हमाल. आकडासुद्धा बापाचाच वापरतो मी. गोणी क्विंटलची पन्नासवर आली, मजुरी टनावर असल्यानं फेऱ्या दुप्पट झाल्या. आमच्यात ओझंही घराण्यातनंच येतं. असाच चिकटलेला मणका एखाद्या गादीवरच्या शेठच्या पोरालाही असेल. त्याची फिल्म कुणी कशाला काढेल? त्याला कळायचंही नाही. डॉक्टरनं हाडाचा जन्म पाहिला आणि लिहिला, ते बरोबर केलं. ओझ्याचा जन्म लिहायला त्याच्या कागदावर रकाना नव्हता.

इतर देशांत हा रकाना आहे. जर्मनीनं १९९३ पासून वर्षानुवर्षं जड उचलून झालेलं कमरेच्या गादीचं दुखणं व्यवसायाचा रोग म्हणून यादीत घेतलं. फ्रान्सनं १९९९ साली घेतलं, त्यात ह्याच शेवटच्या दोन गाद्यांची नावं आहेत आणि कामांच्या यादीत जहाजी मालाची चढउतारही आहे. जागतिक कामगार संघटनेनं १९६७ सालीच शिफारस केली होती की मोठ्या पुरुषाला ५५ किलोच्या वर वाहायला लावू नये. आपल्याकडं १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या यादीत शिसं आलं, पारा आला, सिलिकॉसिस आला, पुढं आवाजानं येणारं बहिरेपण आलं. फुटलेली गादी आली नाही. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी हमालांना उभं केलं. त्यानं मजुरी, बोर्ड, फंड दिला, ही मोठी गोष्ट. पण टोळीत जो कंत्राटी आहे, ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही, त्याची कंबर कुणाच्या खात्यावर?

तरीही एक दार उघडं आहे, आणि ते आमच्या गोदीच्याच बाईनं उघडून ठेवलेलं आहे. लक्ष्मीबाई आत्माराम. नवरा बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या नोकरीत, हृदयाचा आजार अंगात आधीचा, आणि माणूस गेला. लक्ष्मीबाई पोर्ट ट्रस्टविरुद्ध मुंबई हायकोर्टात गेली. १९५४ च्या रिपोर्टात निकाल छापलेला आहे, छगला मुख्य न्यायाधीश होते. कोर्टानं तत्त्व असं सांगितलं की आजार आधीचा असला म्हणून मालक सुटत नाही. नोकरीनं त्याला हातभार लावला असेल, मरण अलीकडं आणलं असेल, तर तेवढं पुरे. मात्र नुसतं म्हणून चालत नाही, कामाचा आणि दुखण्याचा संबंध दाखवावा लागतो.

आणि इथंच आपण मार खातो. मी त्या दिवशी काय केलं? हसलो. घरी गेलो. बाम चोळला. चार दिवस कुणाला बोललो नाही. मुकादमाच्या वहीत माझा अपघात नाही. कुठली गोणी, किती वजन, किती वाजता, शेजारी कोण होतं, काही नाही. उरला तो एक कागद आणि त्यावरचा एक शब्द. मी कामगार आयुक्तांकडं अर्ज केला आहे. काय होतं बघू. वकील म्हणतो की त्या पाळीतले दोन साक्षीदार आण. एक गावी गेला आहे, दुसरा म्हणतो माझी रोजी जाईल. त्याला मी दोष देत नाही.

पोरांनो, एक काम तुम्ही करू शकता. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो, ती लक्ष देऊन ऐका, बाकी विसरलात तरी चालेल. कंबर धरली आणि त्याबरोबर लघवी तुंबली, किंवा कळेनाशी झाली, किंवा दोन्ही मांड्यांच्या मधली, बसायची जागा बधिर झाली, तर तो शिरांचा सगळा झुबका दबलेला असतो. त्या दिवशी बाम नाही, मालिश नाही, पायाळू नाही. त्याच रात्री मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं, इथून धुळ्याला जायचं. उशीर झाला तर शीर परत येत नाही. लाजेपायी माणसं लघवीचं सांगत नाहीत. तुम्ही विचारा.

आता काम. मी एक दोनशे पानी वही आणली आहे. बाजारात, जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर, सिमेंटच्या गाडीवर जो कुणी उचलतो त्याला विचारायचं. वय काय, किती वर्षं उचलतोय, गोणी किती किलोची, दिवसाला किती, जमिनीवरून की थप्पीवरून, कंबर पहिल्यांदा कधी धरली, पाय बधिर होतो का, बाप काय करायचा. नाव नको, नावानं माणूस घाबरतो. जर्मनांनी जी बेरीज केली ती आपण पारोळ्यात करू. यादीत गादी आणायची तर कुणीतरी आकडे घेऊन जायला पाहिजे, आणि आपल्या कमरेचे आकडे दुसरं कोण मोजणार?

पहिल्या पानावर मी माझं आणि बापाचं लिहिलं आहे, कसं लिहायचं त्याचा नमुना म्हणून. वही दाराशी ठेवली आहे. पेन दोरीनं बांधलंय, ते घेऊन जाऊ नका. आणि ती फिल्म कुणाकडं आहे? इकडं द्या, परवा अर्जाला जोडायची आहे.